कोऱ्या पट्ट्यावरची पोथी

त्या रस्त्यावर कंटाळ्याशिवाय काही पिकत नाही, असं मुकुंद म्हणायचा, आणि द्वारकाबाईंना ते आळशी माणसाचं बोलणं वाटायचं.

रस्ता त्यांनी पाहिला नव्हता. रिसोडच्या त्यांच्या घरापासून तो काही फार लांब नाही, पण शीघ्रमार्गावर आपल्यासारख्यांचं काम काय? तिथे ना दुचाकी, ना एसटी. नुसते मालट्रक धावतात, आणि तेही आपले आपण. एकामागे एक, अंतर राखून, पंगतीला निघाल्यासारखे. सगळ्यांत पुढच्या ट्रकमध्ये तेवढा एक माणूस बसवलेला असतो. त्यानं स्टिअरिंगला हात लावायचा नाही, ब्रेकवर पाय ठेवायचा नाही, फक्त समोर बघायचं. एखादी गोष्ट यंत्राला उमगली नाही की ते घंटा वाजवून गाडी माणसाच्या हाती देतं, आणि त्या क्षणी माणूस जागा असावा लागतो. या नोकरीचं सरकारी नाव लांबलचक होतं. ड्रायव्हर मंडळी तिला राखणदारी म्हणत.

मुकुंद राखणदार होता. त्याचे वडील एसटीत ड्रायव्हर होते आणि निवृत्त होईपर्यंत त्यांच्या गाडीला साधा ओरखडा उठला नव्हता. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून त्यानं पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं, तेव्हापासून दुसरं काही करावंसं त्याला वाटलंच नाही. आता स्टिअरिंग समोर होतं, पण धरायचं नव्हतं.

"दोन्हीकडे पुरुषभर उंच कुंपण," तो सांगायचा. "पलीकडे सोयाबीन, नाहीतर सोयाबीन काढल्यावरची काळी जमीन. वळण नाही, चढ नाही, झाड नाही. टपरी नाही. कुठे एखादं देऊळ तरी असावं, हात जोडायला? तेही नाही. आम्ही त्याला कोरा पट्टा म्हणतो. तासभर डोळे उघडे असतात आई, पण त्या तासातलं काही आठवत नाही."

"मन लावलं नाही की असंच होतं," द्वारकाबाई म्हणायच्या.

मन लावणं म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे अशी त्यांची पक्की समजूत होती. सासरे गेले तेव्हा त्यांनी झिराईदेवीची हातानं उतरवलेली पोथी या थोरल्या सुनेच्या ओंजळीत ठेवली. त्या दिवसापासून तिचं वाचन चुकलं नव्हतं. पहाटे स्नान, पूजा, आणि मग ठरलेले अध्याय. मंगळवारी अळणी. अध्याय सुरू झाला की संपेपर्यंत उठायचं नाही आणि बोलायचं नाही, हा नेम. बोलायचं नाही म्हणून त्या हुंकार देत. एक 'हूं' म्हणजे गॅस बारीक करा. दोन 'हूं हूं' म्हणजे दारात कोणीतरी आलंय. आणि तळहात वर केला, की थांब.

पावसाळा सरल्यावरची गोष्ट. मुकुंद रात्रपाळी करून आला होता. रोज तो आधी आंघोळीला जायचा. त्या दिवशी बूट काढून तो थेट देवघराच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला.

"आई," तो म्हणाला, "आज माझ्या हातून..."

द्वारकाबाईंनी पोथीवरची नजर न हलवता तळहात वर केला.

तो उभा राहिला. चौकटीला टेकून, बराच वेळ. अध्याय मोठा होता. संपल्यावर त्यांनी मान वर केली तेव्हा उंबऱ्यात कोणी नव्हतं, आणि न्हाणीत पाण्याचा आवाज येत होता. काय म्हणत होतास, असं विचारायचं त्यांच्या मनात होतं. मग दूधवाला आला, आणि ते राहून गेलं.

त्याच आठवड्यात मुकुंदच्या नावावर पहिली कोरी नोंद पडल्याचं प्रणितानं सांगितलं.

प्रणिता त्यांची सून. शीघ्रमार्गाच्या जागृती केंद्रात ती यंत्रं सांभाळायची. राखणदारांनी कपाळाला बांधायची जागपट्टी नीट चालते की नाही, मेंदूच्या जागेपणाची रेघ कोणाची कशी येते, हे पाहणं तिचं काम. नवऱ्याची रेघही तिच्याच पडद्यावर यायची.

"रेघ सपाट पडली की कोरी नोंद. अशा तीन झाल्या की परवाना जातो," ती म्हणाली. "आणि नुसता जात नाही. झोपाळू म्हणून शिक्का बसतो. मग कोणी साधा टेम्पोसुद्धा हातात देत नाही."

"काऊन रे?" द्वारकाबाईंनी मुकुंदला विचारलं. "नुसतं बघायचं, तेही जमू नये?"

मुकुंद खाली बघून भाकरी मोडत राहिला.

"नाम घेत जा," त्या म्हणाल्या. "रिकामं मन भटकतं. त्या पट्ट्यावर शिरलास की झिराईचं नाव सुरू कर. एका लयीत, न थांबता. माझ्याकडे बघ. इतकी वर्षं झाली, मन जागचं हललं नाही माझं."

मुकुंद आईचं ऐकणारा. पुढच्या फेरीत पट्टा सुरू झाल्याबरोबर त्यानं नाव घ्यायला सुरुवात केली. एका लयीत, न थांबता. दुसरी कोरी नोंद त्याच फेरीत पडली, आणि पहिलीपेक्षा लांब.

*

"म्हणजे देवाच्या नावानं झोप लागते, असं म्हणायचंय का तुला?" द्वारकाबाईंचा आवाज कधी चढत नसे. तो नुसता गार व्हायचा.

"तसं नाही आई." प्रणिता मेथी निवडत होती. "तुमच्या नाकात चमकी आहे ना, ती दिवसभर जाणवते का?"

"नाही."

"पण पडली तर?"

द्वारकाबाईंचं बोट नकळत नाकाकडे गेलं.

"झालं. मेंदू असाच आहे, मोठा चिक्कू. पुढच्या क्षणी काय होणार याचा तो आधीच अंदाज बांधून ठेवतो. अंदाजाप्रमाणे झालं की तो त्या गोष्टीकडे लक्षच देत नाही. कशाला उगाच खर्च करायचा? अंदाज चुकला, की मात्र दचकून जागा होतो. त्या क्षणी मेंदूत एक बारीक लहर उठते. पुस्तकात तिचं नाव अपेक्षाभंगाची लहर. आमचे ड्रायव्हर तिला दचक म्हणतात. ही जागपट्टी दुसरं काही मोजत नाही, दचक उठते की नाही तेवढंच बघते. साध्या रस्त्यावर खड्डा असतो, म्हैस असते, आडवा येणारा शहाणा असतो. सारखी दचक उठत राहते. कोऱ्या पट्ट्यावर अंदाज चुकतच नाही. डोळे उघडे, आणि आत सगळे दिवे बंद."

"मग घंटा वाजवा. खुर्ची हलवा."

"सगळं केलं. खुर्ची हलवली, तोंडावर पाणी उडवलं. एकानं तर शिव्या भरून दिल्या होत्या यंत्रात. चार दिवस जागे राहिले, पाचव्या दिवशी मेंदूला शिव्यांचीही सवय झाली. बायका सोबत जाऊन गप्पा मारतात, तेही करून पाहिलं. पण जुन्या जोडप्याला एकमेकांचं पुढचं वाक्य पाठ असतं हो." ती जराशी हसली. "आणि एकाच लयीतला जप म्हणजे... कोऱ्या पट्ट्यावर आणखी एक कोरा पट्टा."

द्वारकाबाईंनी मेथीची जुडी बाजूला सारली.

"तुझ्याकडे घरात आहे ना ती पट्टी?"

"ह्यांच्या सरावासाठी आणली आहे. का?"

"उद्या माझ्या कपाळाला बांध. बघू दे त्याला, मन लावणं कशाला म्हणतात. फक्त गंधाला धक्का लागू देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाटावर बसल्या, निरांजन लावलं, पोथीला हळद-कुंकू वाहिलं. प्रणितानं पट्टी बांधली आणि मोबाइल हातात धरून ती मागे भिंतीशी बसली. मुकुंद तिच्या शेजारी. द्वारकाबाई वाचू लागल्या. आवाज स्वच्छ, एकही अक्षर घसरत नव्हतं.

*झिराई निघे पहाटे । पायीं रुतती काटे । परी चालली वाटे । बहिणीचिया ॥*

अध्याय संपवून त्या वळल्या तेव्हा प्रणिता मोबाइल पदरात घेत होती.

"काय आलं?"

"चार्जिंग कमी होतं आई. नीट आलं नसेल."

"दाखव."

प्रणितानं मुकुंदकडे पाहिलं. मग मोबाइल पुढे केला. पडद्यावर एक रेघ होती. सपाट. सोयाबीन काढल्यानंतरच्या वावरासारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये तीन ठिकाणी तेवढं उंच टोक उठलं होतं.

"हे बघ, हे काय? इथे लागलं होतं ना मन?"

"इथे," प्रणिता हळू आवाजात म्हणाली, "कुकरची शिट्टी झाली. इथे भंगारवाला ओरडला. आणि इथे शेजारच्या काकू फोनवर त्यांच्या पुतणीचं लग्न मोडल्याचं सांगत होत्या."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं द्वारकाबाईंना नंतर वाटत राहिलं.

"असू दे आई," मुकुंद म्हणाला. "माझीपण अशीच येते."

त्या दयेनं त्यांचे कान तापले.

*

तो दिवस त्यांनी कसाबसा काढला. स्वयंपाक केला, वाती वळल्या, पण कुठे बघावं ते कळेना. देवघरासमोरून जाताना पदर डोक्यावर ओढून त्या जात होत्या, परक्या घरात आल्यासारख्या. इतकी वर्षं तिथे बसून आपण काय केलं? आठवायला गेल्या तर भाजीचे बेत आठवले. नणंदेच्या बोलण्याला द्यायची राहिलेली उत्तरं आठवली. पोथी जिभेवर आपली आपण धावत होती, त्या शीघ्रमार्गावरच्या ट्रकसारखी, आणि राखणदाराच्या जागेवर त्या नुसत्या बसल्या होत्या.

संध्याकाळी त्या प्रणिताजवळ जाऊन बसल्या.

"त्याची पहिली नोंद पडली, तेव्हा काय झालं होतं?"

प्रणितानं हातातला मोबाइल उलटा ठेवला.

"कुंपण दुरुस्त करणारा एक माणूस होता. जाळी आणायला रस्ता ओलांडत होता. गाडीनं घंटा दिली, ह्यांना ऐकू आली नाही. म्हणजे कानावर पडली, पण... तो माणूस उडी मारून वाचला. मलाही ह्यांनी एवढंच सांगितलं. बाकीचं सांगत नाहीत. त्या दिवशी सगळ्यांत आधी तुमच्याकडे आले होते ते."

द्वारकाबाईंना आपला वर केलेला तळहात दिसला. चौकटीला टेकलेला मुकुंद दिसला. त्याला कोणासाठी थांबवलं आपण? देवीसाठी? देवीजवळ तर आपण नव्हतोच. पोथीत नव्हतो, घरात नव्हतो. मग त्या पाटावर होतं तरी कोण?

"दुसऱ्या नोंदीनंतरची फेरतपासणी कधी आहे त्याची?" त्यांनी विचारलं.

"येत्या शनिवारी. भर दुपारची फेरी, आमच्या केंद्राचे प्रमुख भालेराव साहेब पडद्यावर बघणार. त्यात रेघ कोरी पडली, तर संपलं."

"जाऊ दे ना मग तो परवाना," द्वारकाबाई म्हणाल्या. "कोणाचा जीव घेण्यापेक्षा."

दारातून आवाज आला. मुकुंद केव्हाचा तरी तिथे होता. "मी उठलो तर दुसरा बसेल आई. तोही कोरा होईल. प्रणिताला विचार, पट्ट्यावर जागा राहिलेला एक माणूस तिच्या पडद्यावर नाही. मला कोणीतरी बरा करून दाखवा, मग हवं तर काढून घ्या."

एवढं तो बऱ्याच दिवसांनी बोलला होता. द्वारकाबाईंना मान वर करून त्याच्याकडे बघता आलं नाही.

*

पुढच्या सकाळी नेम मोडायचा नाही म्हणून त्या बसल्या, पण मन ठिकाणावर नव्हतं, आणि या वेळी ते त्यांना माहीत होतं. अक्षरांवर नजर ठरेना. तिसऱ्या ओवीला झिराईला तहान लागते आणि वाटेत गुराखी भेटतो. द्वारकाबाईंच्या तोंडून गेलं, "वाटेत भेटला व्यापारी."

"गुराखी," बाहेरून मुकुंदचा आवाज आला. तो आरशासमोर दाढी करत होता, कपाळाला सरावाची पट्टी.

त्या चपापल्या. पुढे वाचू लागल्या. दोन ओव्यांनंतर पुन्हा घसरल्या. नदीच्या ठिकाणी डोंगर आला.

"नदी आहे तिथे, आई. डोंगर पुढच्या अध्यायात."

"तुला कसं माहीत?"

"म्हणजे काय? रोज ऐकतो की. पाळण्यात होतो तेव्हापासून ऐकतोय."

स्वयंपाकघरातून प्रणिता धावत आली. हातात मोबाइल, कोपरापर्यंत कणीक. "आई, आत्ता काय केलंत तुम्ही?"

"चुकले ग."

"परत चुका बरं."

तिनं मोबाइल त्यांच्यासमोर धरला. मुकुंदच्या सपाट रेघेवर दोन टोकं उभी होती, कोऱ्या पट्ट्यावर एकदम दोन देवळं उगवावीत तशी. घंटेनं नाही, पाण्यानं नाही, शिव्यांनी नाही. एखादी गोष्ट माणसाला पुरती पाठ असावी, हाडामांसात भिनलेली असावी, आणि तीच कोणीतरी चुकीची म्हणावी. त्याच्याएवढा मोठा अपेक्षाभंग नाही, प्रणिता भराभर सांगत होती. आणि पुढची चूक कुठे येणार याचा अंदाज मेंदूला बांधता येत नाही, म्हणून तो प्रत्येक शब्दापाशी दबा धरून बसतो.

द्वारकाबाई ऐकत होत्या, पण त्यांच्या मनात वेगळंच चाललं होतं. मी वाचत होते तेव्हा मी तिथे नव्हते. हा ऐकत होता. मी न वाचलेला शब्दन् शब्द या पोरानं ऐकून ठेवला.

त्यांनी पदराच्या टोकानं निरांजनाची काजळी पुसली. ती पुसायची काही गरज नव्हती.

*

शनिवारी निघण्याआधी त्यांनी देवीपुढे साखर ठेवली. "आज तुझी पोथी मोडणार आहे," त्या पुटपुटल्या. "माझ्या सासऱ्यांनी कधी काना-मात्रा हलू दिली नव्हती. मी जाणूनबुजून हलवणार आहे. राग आला तर माझ्यावर काढ, त्याच्यावर नको."

ट्रकची केबिन त्यांना उंच आणि थंड वाटली. नियमानं घरचा एक माणूस सोबत बसू शकत होता. त्यांनी पाय वर घेऊन मांडी घातली, पोथी रुमालात बांधून मांडीवर घेतली. मागे सहा ट्रक आपले आपण सुरू झाले. आणि मग तो पट्टा आला.

मुकुंद आळशी नव्हता, हे कळायला त्यांना फार वेळ लागला नाही. समोर राखाडी रंगाची सरळ पट्टी, दोन्हीकडे जाळी, वर पांढरं ऊन. काही हलत नव्हतं. एक खांब गेला, तसाच दुसरा आला. थोड्याच वेळात त्यांच्या लक्षात आलं की आपण खांब बघत नाही आहोत. आपण काहीच बघत नाही आहोत. बाजूला पाहिलं तर मुकुंदचे डोळे उघडे होते आणि त्यांत कोणी नव्हतं.

त्यांनी घसा खाकरला.

"झिराई निघे दुपारी..."

"पहाटे," मुकुंद म्हणाला. डोळ्यांत माणूस परत आला.

"उठायला उशीर झाला असेल तिला."

"देवीला?"

"का? तिला काय घरकाम नसतं?"

त्याला हसू आलं. त्या पुढे म्हणू लागल्या. काही ओव्या सरळ म्हणायच्या, मग अचानक एखादी वाकडी. गुराख्याऐवजी तलाठी आला, तेव्हा तो म्हणाला, "तलाठी पाणी देईल होय कोणाला?" नदी आटवली, तेव्हा तो खरंच चिडला. "आई, असं कसं? मग ती नावाडी कशाला शोधते?" मध्येच त्यांनी एक ओवी अगदी बरोबर म्हटली आणि तो, "चूक," म्हणाला. "बरोबर आहे ती," त्या म्हणाल्या. "नीट ऐक." कपाळावरची पट्टी हिरवी लुकलुकत राहिली.

त्यांचा घसा सुकला होता. पाठ दुखत होती. कुठे चुकायचं हे ठरवायला प्रत्येक शब्द आधी नीट हातात घेऊन बघावा लागत होता, शाळेत पहिल्यांदा वाचणाऱ्या मुलीनं बघावा तसा. झिराई कुठून निघाली, तिला किती लांब जायचं होतं, तहान लागल्यावर तिनं बहिणीचंच घर का गाठलं, हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

पट्टा सरत आला होता. झिराई बहिणीच्या दारात पोचली.

"बहीण बैसली पूजेस," द्वारकाबाई म्हणाल्या. "कोण आले या वेळेस... म्हणे सांगा तियेस..."

त्या थांबल्या. इथे चूक करायची नव्हती. चौथा चरण त्यांना नीट आठवत होता, नुसता तोंडातून निघत नव्हता. बहीण झिराईचीच पूजा करत होती. झिराई दारात उभी होती.

मुकुंद वाट बघत होता. मग समोरची नजर न काढता तोच म्हणाला, हळूच, आईला आठवण करून द्यावी तसं:

"थांब बाहेरी."

घंटा वाजली.

कुंपणाच्या फटीतून एक रोही, नीलगाईतला नर, रस्त्यावर आला होता, घोड्याएवढा, करडा. यंत्राला ते काय आहे ते उमगलं नव्हतं. मुकुंदचे हात स्टिअरिंगवर केव्हा गेले ते द्वारकाबाईंना दिसलंच नाही. ट्रक डाव्या अंगाला झुकला, दबला, टायर करकरले, मागचे सहाही एकेक करत थांबत गेले. पोथी मांडीवरून पायाशी पडली.

रोही तिथेच उभा होता. त्यानं केबिनकडे पाहिलं, कान हलवले आणि आला त्याच वाटेनं सावकाश निघून गेला.

मुकुंद स्टिअरिंग धरूनच बसला होता. वडिलांनी शिकवलं होतं तसंच, दोन्ही हातांनी.

"मुकुंदा," द्वारकाबाई म्हणाल्या, "त्या दिवशी तो माणूस..."

"इथे नको आई," तो म्हणाला. "घरी बोलू."

त्यांनी वाकून पोथी उचलली, कपाळाला लावली, आणि पुसत बसल्या. तिला धूळ लागली नव्हती.

*

परवाना राहिला. भालेराव साहेबांचा संध्याकाळीच फोन आला. द्वारकाबाईंनी पोथी चुकांसकट ध्वनिमुद्रित करून द्यावी, सगळ्या गाड्यांत लावू, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रणितानं परस्परच नाही सांगितलं.

"तिसऱ्या दिवशी त्या चुकाही पाठ होतील साहेब. चूक रोज ताजी लागते. आणि ज्याला जे पाठ आहे तेच मोडावं लागतं. कोणाला आरती पाठ असेल, कोणाला आजीची गोष्ट, कोणाला नुसती क्रिकेटची कॉमेंट्री. ते घरच्यालाच माहीत असणार. आधी प्रत्येकाच्या घरी विचारा, तुमच्या माणसाला काय काय पाठ आहे. बघा किती जणांना सांगता येतं."

फोन ठेवल्यावर तिनं सासूकडे पाहिलं. शाबासकी द्यावी की गप्प बसावं, ते तिला ठरवता येत नव्हतं. द्वारकाबाईंनी पोळपाट पुढे ओढला. आपल्याला मुकुंदचं काय काय पाठ आहे, हे त्या मनात जुळवून बघत होत्या. फारसं काही जुळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या नेमाला बसल्या. निरांजन लावलं. साखरेची वाटी देवीपुढे तशीच होती, तिला मुंग्या लागल्या होत्या. त्यांनी त्या झटकल्या नाहीत. पोथी उघडली आणि सावकाश, एकेका शब्दाशी थांबत वाचायला लागल्या. आज जिभेला वेग नव्हता. पहिला अध्याय अर्धा झाला असेल, तेव्हा उंबऱ्यावर सावली पडली.

मुकुंद होता. चौकटीला टेकून उभा राहिला, त्या दिवसासारखाच.

द्वारकाबाईंचा तळहात वर गेला. इतक्या वर्षांची सवय, हाताला विचारावं लागत नाही. हात वर गेल्यावर त्यांना तो दिसला, निरांजनाच्या उजेडात, आपलाच हात, एखाद्या बंद दारासारखा. त्यांना तो खाली घेता येईना आणि तसाच ठेवता येईना. मग त्यांनी तो हळूहळू फिरवला आणि शेजारच्या चटईवर टेकवला.

"बस," त्या म्हणाल्या.

"अध्याय अर्धा आहे आई."

"राहू दे."

तो क्षणभर घुटमळला. मग आत येऊन बसला, मांडी घालून, लहानपणी नैवेद्याच्या वाटीकडे बघत बसायचा तसा. द्वारकाबाईंनी पोथी मिटली. खूण ठेवली नाही.

"त्याचं नाव मी नंतर जाऊन विचारलं," मुकुंद म्हणाला. "पंढरी इंगोले. मालेगावकडचा आहे. मी गाडीतून उतरलो तेव्हा तो जाळी गोळा करत होता, आणि मलाच म्हणाला, लागलं तर नाही ना दादा तुम्हाला..."

त्याचा आवाज फुटला. द्वारकाबाई ऐकत होत्या, हुंकारही न देता. स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला आणि प्रणिता धावल्याचा आवाज आला. ते त्यांच्या कानावर पडलं नाही. निरांजन केव्हा विझलं, तेही त्यांना कळलं नाही.